वेशीवरचा ताजा वास

एका जंगलात, मुलांनो, एकही माणूस उरला नव्हता. म्हणून त्या जंगलात माणसांबद्दल फार आदर होता.

पूर्वी कधीतरी माणसे तिथे होती म्हणे. जंगलाच्या कडेला त्यांचे गाव होते. आता गावाची नुसती जोती राहिली होती. एक आटलेली, तळाशी नुसती ओल असलेली विहीर राहिली होती. आणि वेस राहिली होती. वेस म्हणजे गावाचा दगडी दरवाजा. गाव निघून गेले, दरवाजा गेला नाही. दरवाजे तसेच असतात. सगळ्यांना वाट करून देतात आणि स्वतः तिथेच उभे राहतात.

माणसे का गेली, हे कुणालाच ठाऊक नव्हते. आणि जे कुणालाच ठाऊक नाही त्यावर टीव्हीवर मालिका करता येते, हे तुम्हा हुशार मुलांना सांगायला नकोच.

टीव्ही या जंगलात नुकताच आला होता. दर मोठ्या झाडाखाली एक. वाहिनीचे नाव होते 'रानवाणी'. तिचे मालक होते हसमुखराव तरस. दुसऱ्याने कष्टाने मारलेले आपण खायचे आणि वर दात काढून हसायचे, हा त्यांच्या घराण्याचा पिढीजात धंदा. त्यामुळे वाहिनी चालवायला त्यांना वेगळे शिक्षण घ्यावे लागले नाही.

शिक्षण घेतले होते ते उदीने.

उदी म्हणजे एक तरुण उदमांजर. नदीपलीकडच्या कॉलेजातून ती इतिहास घेऊन पहिल्या वर्गात पास झाली होती. तिला दोन गोष्टी मुळीच सहन होत नसत. एक, खोटे बोलणे. दुसरी, वाट बघणे. तिची आई म्हणायची, "अगं, एवढं शिकलीस, पण शेवटी फणसच खायचास ना? मग जरा दमानं खा." उदी दमाने फणसही खात नसे.

ती तडक हसमुखरावांकडे गेली.

"साहेब, माणसांच्या संस्कृतीचा संपूर्ण इतिहास! शेती, घरं, विस्तव, चाक, सगळं. आणि शेवटच्या भागात, ती का गेली ते! इतिहास म्हणजे आरसा असतो, साहेब. माणसांची चूक आपल्याला कळली तर आपण ती करणार नाही."

"आरसा?" हसमुखराव हसले. "उत्तम. आरशात बघायला सगळ्यांना आवडतं. कर."

मालिकेचे नाव ठरले 'अशी होती माणसं'. निवेदनासाठी गंभीरराव बेडूक यांना बोलावले. गंभीरराव डोहात राहत. जंगलात पाण्याची जागा एकच, हा डोह. त्यात गळ्यापर्यंत बुडून ते बोलायला लागले की नुसते "आज उकडतंय" म्हणाले तरी ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येई. काहीतरी भव्य घडून गेले आणि आपण झोपलो होतो, असे वाटे.

आता, बाळांनो, या जंगलाचा एक रिवाज सांगायला हवा. हसायचे नाही. एखादी जागा माझी, असे कुणाला म्हणायचे असेल तर त्याने तिथे जायचे, मागचा पाय वर करायचा आणि खूण करून यायचे. ज्याचा वास ताजा, त्याची जागा. कोर्ट नाही, कचेरी नाही, तारीख नाही. तुमच्याकडे याच कामासाठी फलक लावतात. तुम्ही हसू नका म्हटले होते ना?

हाच कायदा इतिहासालाही लागू आहे, हे मात्र उदीला माहीत नव्हते. कॉलेजात तेवढा धडा राहून गेला होता.

पहिला भाग शेतीचा. उदीने तो जीव ओतून लिहिला. तो दाखवायच्या दिवशी सकाळीच दंताजी रानडुक्कर आपले भाऊबंद घेऊन दारात हजर झाले.

"काय गं पोरी, शेती माणसानं शोधली असं लिहिलंस म्हणे?"

"हो काका. कारण ती माणसानंच..."

"आमचे पणजोबा जमीन उकरत होते ना, तेव्हा माणूस झाडावर बसून शेंगा सोलत होता. आमच्याकडं बघून बघून त्यानं नांगर केला. हा माझा सुळा बघ. आणि नांगराचा फाळ आठव. आठवला?"

"पण काका, याला पुरावा काय?"

"पुरावा आत्ताच देऊन आलोय," दंताजी शांतपणे म्हणाले. "वेशीच्या उजव्या दगडावर. जा, हुंगून ये."

उदी गेली. पुरावा होता. डोळ्यांतून पाणी येण्याइतका सबळ होता.

"साहेब, हे खोटं आहे!" ती हसमुखरावांपुढे पाय आपटत म्हणाली.

"खोटं नाही गं. ओलं आहे," हसमुखराव म्हणाले. "वाळलं की बघू."

त्या दिवशी गंभीररावांच्या गंभीर आवाजात अख्ख्या जंगलाने ऐकले: "शेतीचे जनक... रानडुक्कर." डुकरांनी चिखलात लोळून आनंद साजरा केला.

उदीला इतका राग आला की तिने शेपटी चावली. मग तिने हसमुखरावांना बजावले. "बाकीच्या भागांत तुम्हाला काय घालायचं ते घाला. शेवटचा भाग माझा. माणसं का गेली, ते मी खरंखरं सांगणार. त्यात कुणी ढवळाढवळ करायची नाही. कबूल?"

"कबूल, कबूल," हसमुखराव म्हणाले. शेवटच्या भागाआधी जाहिराती विकून होतात, हे त्यांना ठाऊक होते.

घरांच्या भागासाठी खुद्द वाघसरकारांनी उदीला गुहेत बोलावले.

"ये, बस. घाबरू नकोस, माझं जेवण झालंय. मला सांग, माणसानं घर का बांधलं?"

"ऊन, वारा..."

"नीट विचार कर," सरकार जांभई देत म्हणाले. जांभई बरीच मोठी होती.

"तुमच्या भीतीनं, सरकार."

"शाब्बास. भीती कुणाची? माझी. म्हणजे घर कुणी बांधलं?"

"...तुम्ही, सरकार."

"नम्रपणे लिही हो. मला मोठेपणा आवडत नाही." आणि सरकार नम्रपणे वेशीकडे खूण करायला निघाले.

त्यानंतर काय विचारता! कोळसुंद्यांची टोळी आली. कोळसुंदे म्हणजे रानकुत्री. ती म्हणाली, माणसाला घरी राहायची सवय आमच्या चुलतभावाने लावली, नाहीतर तो आयुष्यभर उंडारला असता. अस्वल आले. ते म्हणाले, मोहाची फुले चाखायला आम्ही शिकवले, त्याआधी माणसाकडे संस्कृती होती कुठे, नुसता कामाला जुंपलेला असायचा. माकडेही आली. उदीला वाटले, ही आता माणूस आपलाच नातू आहे म्हणणार. पण माकडे म्हणाली, "आमचा त्याचा काडीचा संबंध नाही. घरात मुलींची लग्नं व्हायची आहेत. उगाच कुठं नाव येऊ देऊ नका." आणि संबंध नाही याची खूण वेशीच्या कमानीवर करून गेली.

दगड मात्र थोडे आणि इतिहासकार फार. मग व्हायचे तेच झाले. डुकरांच्या दगडावर कोळसुंद्यांनी खूण केली. लगेच शेतीचा भाग पुन्हा दाखवावा लागला: शेतीचे जनक, कोळसुंदे. कोळसुंदे काही पेरत नाहीत, पण तो वेगळा मुद्दा. त्यावर अस्वलाने खूण केली. शेती अस्वलांकडे गेली. डुकरे चवताळून परत आली. वेशीपुढे रांग लागली. सकाळी शेती एकाची, दुपारी दुसऱ्याची. टीव्हीपुढून कुणी उठेना. उठले तर फक्त दोन कारणांनी. एक, वेशीकडे जायला. दुसरे, पाणी प्यायला.

कारण बाळांनो, खूण करायची तर पोटात पाणी हवे.

एरवी उन्हाळ्यात जनावरे बेताने पाणी पीत. आता ती तहान नसताना पिऊ लागली. कर्तव्य म्हणून पिऊ लागली. आया पिल्लांच्या मागे लागत, "अजून दोन घोट घे राजा, आपल्या समाजाचा प्रश्न आहे." रानवाणीवर दर जाहिरातीत एकच घोष: 'पाणी प्या, इतिहास घडवा!' रानडुकरांचे तरुण मंडळ पोट धरून डुलत डुलत डोहावरून वेशीपर्यंत मिरवणुकीने जाई. वाटेत कुणी शिंकू नये, अशी सक्त ताकीद असे.

आणि गंभीररावांचा आवाज बदलू लागला.

आधी तो थोडा बसला. मग चिरका झाला. मग वाक्याच्या मधेच तुटू लागला. प्रेक्षक वेडे झाले.

"काय दर्द आहे आवाजात!" अस्वल डोळे पुसत म्हणाले.

"दर्द नाही, कोरड आहे," गंभीरराव उदीला बाजूला घेऊन म्हणाले. "उदे, पूर्वी मी गळ्यापर्यंत पाण्यात बसून बोलायचो. आता ते कमरेला आलंय. आणि तू माझी कंबर बघितलीस, ती काही फार उंचावर नाही."

उदी डोहाकडे धावली. पाणी खरेच खूप खाली गेले होते. काठावर चिखलाचा रुंद पट्टा होता आणि त्यात एकावर एक इतके पाय उमटले होते, की कुणाचे कुठले ते कळत नव्हते.

ती हसमुखरावांकडे गेली.

"साहेब, डोह आटतोय!"

"आणि प्रेक्षक वाढतायत," हसमुखराव म्हणाले. "जंगलाचं कसं, एक खाली गेलं की एक वर येतं."

त्या दिवसापासून उदीने पाणी जवळजवळ सोडले. ती आवळे चघळून तहान मारू लागली. आता सगळी आशा शेवटच्या भागावर होती. माणसे का गेली, हे कळले पाहिजे. तेही लवकर.

तिला आठवले कमठ आजोबा.

कमठ आजोबा म्हणजे गावच्या विहिरीतले म्हातारे कासव. माणसे होती तेव्हाही ते तिथेच होते. विहिरीवरच्या भागात उदीने त्यांची मुलाखत घेतली होती. आजोबांनी "माणसं..." असे म्हटले आणि एक जाहिरात झाली. मग "इथून..." म्हटले आणि दुसरी झाली. हसमुखरावांनी तिथेच कात्री लावली. म्हणाले, "एवढंच ठेव. 'माणसं... इथून...' काय गूढ वाटतं!" आणि खरे सांगायचे तर, तेव्हा उदीलाही घाई होती.

या वेळी ती विहिरीत उतरली आणि आजोबांपुढे मांडी ठोकून बसली. तिची शेपटी वळवळत होती. ती तिने पायाखाली दाबून धरली.

आजोबा बोलले. हळूहळू बोलले. एका शब्दानंतर दुसरा येईपर्यंत एक कोळी जाळे विणून मोकळा झाला. पण उदी हलली नाही.

गोष्ट अशी होती. गावात दोन आळ्या होत्या. वरची आणि खालची. वेशीवर नाव कुणाचे, यावरून त्यांचे भांडण जुंपले. वरच्या आळीने वेशीला चुना फासून आपले नाव लिहिले. खालच्या आळीने त्यावर तांबडी काव फासली आणि आपले लिहिले. मग पुन्हा चुना. पुन्हा काव. चुना कालवायला पाणी लागते. काव कालवायलाही लागते. विहीर उतरत गेली.

"प्यायला पाणी नाही, हे कुणाला दिसलं नाही?" उदी ओरडली.

"दिसलं... की," आजोबा म्हणाले. "म्हणून तर... घाई... केली."

"मग शेवटची घागर कोण प्यायलं?"

आजोबांनी डोळे मिटले. उघडले.

"प्यायलं... नाही... कुणी. तिच्यात... चुना कालवला."

उदी विहिरीतून बाणासारखी सुटली ती थेट वेशीशी. तिने नखाने भिंत खरवडली. पांढरा पापुद्रा निघाला. त्याखाली तांबडा. त्याखाली पांढरा. त्याखाली तांबडा. नख संपले, पण दगड लागेना.

"सापडलं!" ती एकटीच नाचली. अगदी मागच्या दोन पायांवर नाचली. "सापडलं, सापडलं!"

ती हसमुखरावांकडे पोचली तेव्हा तिला धाप लागली होती. तिने सगळे एका दमात सांगितले. हसमुखरावांनी शांतपणे ऐकून घेतले.

"छान आहे. वास?"

"कसला वास?"

"कमठ आजोबांचा. वेशीवर त्यांची खूण आहे का?"

"साहेब, कासवाचा पाय वर होत नाही!"

"बघ. म्हणजे त्यांनाच खात्री नाही."

"मग भिंतीचे पापुद्रे? ते तर डोळ्यांनी दिसतात!"

"डोळ्यांना काहीही दिसतं गं. उद्या डुकरं म्हणतील ते आमच्या अंगाचे आहेत." हसमुखराव पुढे वाकले. "हे बघ, शेवटचा भाग तुझा. शब्द म्हणजे शब्द. पण पुराव्याशिवाय मी काही दाखवत नाही. मलाही तत्त्वं आहेत. तू वेशीवर खूण कर, मी लगेच दाखवतो."

"मी? मी कधी असल्या खुणा केल्या नाहीत. आमच्या अंगाला जन्मतः सुगंध असतो. तो चालेल?"

"सुगंधाला जाहिरात म्हणतात. पुरावा ओला लागतो."

मग उदीने विचार केला, की एकदाच. सगळ्या खोट्या खुणांवर एक खरी खूण. मग सगळे ऐकतील. सगळे थांबतील. डोह वाचेल.

पण पोटात होते फक्त आवळे.

ती डोहावर आली. डोह कुठला, आता ते एक डबके होते. दोन ओंजळी भरतील एवढे. त्यात गंभीरराव बसले होते.

"जरा सरकता का, गंभीरराव?"

"कुठं सरकू, उदे? हे शेवटचं आहे."

"सत्याचा प्रश्न आहे हो!"

"माझ्या कातडीचाही आहे."

"एकदाच पिते. शेवटचा भाग दाखवला की सगळ्यांचे डोळे उघडतील. मग कुणी उगाच पाणी पिणार नाही. पाणी वाचेल."

"कुठलं पाणी?" गंभीररावांनी विचारले.

पण उदीला वाट बघणे सहन होत नसे, हे तुम्हाला माहीतच आहे. उत्तर द्यायलासुद्धा ती थांबली नाही. तिने तोंड खाली घातले आणि सत्यासाठी सगळे पाणी पिऊन टाकले.

मग ती वेशीवर चढली. माकडांच्या खुणेपेक्षा वर, वाघसरकारांच्या खुणेपेक्षा वर, अगदी माथ्यावरच्या दगडावर तिने खूण केली. इतके हलके तिला जन्मात कधी वाटले नव्हते.

शेवटचा भाग लागला. जंगलात पानही हलत नव्हते. कोरड्या दगडावर बसून गंभीररावांनी उरलासुरला आवाज गोळा केला आणि म्हटले: "माणसं... इथून... गेली... कारण... त्यांनी पाणी... खुणांवर... संपवलं."

टाळ्या, आरोळ्या, शिट्ट्या! अस्वल हमसून हमसून रडले. डुकरे कोळसुंद्यांच्या गळ्यात पडली. वाघसरकार उठून उभे राहिले.

"काय मूर्ख होती माणसं!" ते म्हणाले. "एवढी साधी गोष्ट कळली नाही त्यांना!"

"आमच्या पणजोबांनी हे तेव्हाच सांगितलं होतं," दंताजी डुक्कर म्हणाले.

"तुमच्या? आमच्या आजीनं सांगितलं होतं!" कोळसुंदे गुरगुरले.

"पुरावा?"

"आत्ता देतो!"

"आम्ही आधी देतो!"

आणि सगळे जंगल डोहाकडे पळाले.

डोहात चिखल होता. तोही तडकायला लागला होता. सगळे काठावर थबकले. एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले.

"पाणी कुणी संपवलं?" वाघसरकारांनी विचारले.

"सगळ्यांनी!" उदी ओरडली. "आपण सगळ्यांनी! मी मगापासून तेच तर सांगतेय! टाळ्या कशाला वाजवल्या होत्या तुम्ही?"

"सगळ्यांनी वगैरे मोघम नको, पुरावा बघू," हसमुखराव म्हणाले. "वाहिनीची काही पद्धत आहे."

मग सगळ्यांनी नाके खाली घातली आणि सगळे हुंगत निघाले. डोहापासून वाटेला, वाटेवरून वेशीला. डुकरांच्या खुणा वाळल्या होत्या. वाघाची वाळली होती. कोळसुंद्यांची कुणाला ओळखूच येईना. सगळ्यांत वर, माथ्यावरच्या दगडावर, एकच ताजा, ठसठशीत, निःसंशय वास होता.

सगळे उदीकडे वळले.

"अरेरे," दंताजी म्हणाले. "शिकलेली पोर! हिच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

गंभीररावांची साक्ष काढली. "शेवटचं पाणी हिनंच प्यायलं का?" त्यांनी होकारार्थी मान हलवली. पुढचे वाक्य सांगायला तोंड उघडले, पण आवाज फुटला नाही.

संध्याकाळी सगळी जनावरे ते जंगल सोडून निघाली. पुढे वाघसरकार, मागे बाकीचे. हसमुखराव तरस चालता चालताच नव्या मालिकेची घोषणा करत होते: 'अशी होती उदी'. डुकरे आणि कोळसुंदे पहिल्या भागात कुणी बोलायचे यावर भांडत होती, पण प्रेमाने. शत्रू एकच मिळाल्यामुळे सगळ्यांत फार एकोपा आला होता.

सगळ्यांच्या मागे उदी होती. तिच्या पाठीवर ओल्या शेवाळात गुंडाळलेले गंभीरराव होते. शेवाळ तिने विहिरीच्या तळातून खरवडून आणले होते.

विहिरीच्या काठावरून कमठ आजोबा त्यांच्याकडे बघत होते.

"जनावरं..." ते म्हणाले.

उदी थांबली. तिने कान टवकारले. पुढचा शब्द यायला वेळ होता, आणि नदी लांब होती, आणि पाठीवरचे शेवाळ वाळत होते.

"पत्र पाठवा, आजोबा!" ती ओरडली आणि पळत सुटली.

तात्पर्य : पाणी संपवायचेच असेल, तर सर्वांबरोबर आणि वेळेवर संपवावे. इतिहासात नाव फक्त शेवटचा घोट घेणाऱ्याचे लागते.